नव्व्याण्णवनंतरचे एकशे पाच

अमेरिकेतील बेसबॉलच्या नोंदींत ओरेल हर्शायझर या खेळाडूच्या नावावर २०४ विजय जमा आहेत. या खेळाच्या इतिहासात याहून मोठे आकडे कित्येकांच्या नावे आहेत. म्हणून केवळ बेरीज पाहणारा वाचक येथे फारसा थांबणार नाही. परंतु हिशेबाची सवय असलेला माणूस बेरजेआधी तपशील पाहतो, आणि या तपशिलात एक ठळक रेघ आहे. २७ एप्रिल १९९० या दिवशी हर्शायझर यांच्या उजव्या खांद्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. त्या दिवसापूर्वीचे विजय ९९ आणि त्यानंतरचे १०५. ज्या खांद्याची कारकीर्द संपली असे वाटण्यास पुरेसे कारण होते, त्याच खांद्याने उत्तरार्धात पूर्वार्धापेक्षा अधिक जमा केली. हे कसे घडले आणि या जमेची खरी किंमत काय, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

बेसबॉलमधील पिचरचे स्थान आपल्या क्रिकेटमधील गोलंदाजासारखे आहे, मात्र त्याची रीत वेगळी. तो धावत येत नाही. मैदानाच्या मध्यभागी मातीचा एक लहानसा उंचवटा असतो. त्यावर उभा राहून तो साडेसाठ फुटांवरील फलंदाजाकडे चेंडू फेकतो. गोलंदाजाच्या मदतीला धावेची गती असते. पिचरला मात्र जवळजवळ जागच्या जागीच पाय, कंबर आणि धड यांचा पीळ खांद्यातून उलगडावा लागतो. सामना नऊ डावांचा असतो. प्रत्येक डावात संघाचे तीन फलंदाज बाद व्हावे लागतात. सामना जिंकला की त्या विजयाचे श्रेय नियमानुसार एका पिचरच्या खात्यावर लिहिले जाते. वरील २०४ विजय ते हेच.

या साऱ्या कष्टाचा भार खांद्यावर येतो. खांदा हा मानवी शरीरातील सर्वांत मोकळा सांधा होय. शाळेच्या पुस्तकात त्याला उखळीचा सांधा म्हटले आहे. पण ही उखळ फार उथळ आहे. लिंबू-चमच्याच्या शर्यतीतील लिंबू जसे चमच्यावर टेकलेले असते, तसे दंडाच्या हाडाचे गोल टोक खांद्याच्या खोबणीवर टेकलेले असते. ते घसरू नये म्हणून भोवती एक चिवट आवरण, खोबणीच्या काठाला कूर्चेची कडा आणि चार लहान स्नायूंचा वेढा अशी व्यवस्था निसर्गाने केली आहे. पिचर चेंडू सोडतो त्या क्षणी दंड ज्या वेगाने फिरतो तो सेकंदाला सुमारे ७००० अंश, म्हणजे एका सेकंदात जवळपास एकोणीस-वीस फेरे, इतका मोजला गेला आहे. हा वेग अर्थातच निमिषमात्र टिकतो. पण तीच क्रिया एका सामन्यात शंभर वेळा आणि वर्षानुवर्षे घडली, तर पुढच्या बाजूचे आवरण हळूहळू सैल पडते. लिंबू चमच्यावर डगमगू लागते.

हर्शायझर हे लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाचे पिचर. १९७९ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत त्यांचे नाव थेट सतराव्या फेरीत आले. अर्थात त्यांच्याकडून कोणाच्याही मोठ्या अपेक्षा नव्हत्या. चेहरा सौम्य, अंगकाठी सडपातळ. त्यांच्यातील जिद्द जागी व्हावी म्हणून संघाचे व्यवस्थापक टॉमी लासोर्डा यांनी त्यांना 'बुलडॉग' असे टोपणनाव दिले. १९८८ हे त्यांचे सोन्याचे वर्ष. त्या वर्षी त्यांनी २३ सामने जिंकले आणि ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत सलग ५९ डाव प्रतिपक्षाला एकही धाव दिली नाही. त्यांच्याच संघाचे जुने पिचर डॉन ड्रायस्डेल यांचा १९६८ चा विक्रम त्यामुळे मोडला. पुढे अंतिम मालिकेत ओकलंडच्या बलाढ्य संघाला डॉजर्सनी नमवले आणि मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मानही हर्शायझर यांनाच मिळाला. ते श्रद्धाळू ख्रिस्ती. त्या मालिकेत दोन डावांमधील विश्रांतीत मन स्थिर राहावे म्हणून ते बाकावर बसून हलक्या आवाजात स्तोत्रे म्हणत. संकटसमयी णमोकार मंत्राचा आधार घेणाऱ्यांना याचे मर्म वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

त्या विक्रमासंबंधी एक गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ड्रायस्डेल यांच्या आकड्याची बरोबरी होताच थांबावे, विक्रम दोघांच्या नावे राहावा, अशी हर्शायझर यांची इच्छा होती. लासोर्डा व प्रशिक्षक यांनी आग्रह केल्यावरच ते पुढच्या डावासाठी मैदानात उतरले. विक्रमाशी त्यांचे नाते कसे होते, हे या प्रसंगावरून कळते. पुढील काळात हेच नाते त्यांच्या कामी आले असावे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला घसारा ही संकल्पना पहिल्याच वर्षी शिकवली जाते. यंत्र चालते तेव्हा झिजते; ती झीज दरवर्षी खर्ची टाकली नाही, तर नफा फुगलेला दिसतो आणि एके दिवशी यंत्र बंद पडल्यावर सारा तोटा एकदम पुढे येतो. १९८७, १९८८ आणि १९८९ या तीनही वर्षी नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक डाव टाकणारे पिचर हर्शायझर हेच होते. तीन वर्षांचे मिळून ७८८ डाव, आणि १९८८ च्या अंतिम टप्प्यातील सामन्यांचे ४२ हून अधिक डाव वेगळे. नफा सर्वांना दिसत होता. १९८९ च्या आरंभी डॉजर्सनी त्यांच्याशी तीन वर्षांसाठी ७९ लाख डॉलरचा करार केला, तो त्या काळी डोळे दिपवणारा होता. घसाऱ्याची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नव्हती. ती खांद्यात होत होती. १९९० च्या हंगामात अवघे चार सामने खेळल्यावर खांद्याने असहकार पुकारला, तेव्हा हर्शायझर यांचे वय होते ३१.

शस्त्रक्रिया केली ती डॉ. फ्रँक जोब यांनी. दुसऱ्या महायुद्धात हे गृहस्थ हवाई दलाने उतरवल्या जाणाऱ्या सैन्यतुकडीच्या वैद्यकीय पथकात होते. १९७४ साली टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातील तुटलेल्या बंधाच्या जागी त्याच्याच दुसऱ्या हाताचा कंडरा बसवण्याचा अभूतपूर्व प्रयोग त्यांनी केला होता. यश मिळण्याची शक्यता शंभरात एक, असे तेव्हा त्यांनीच सांगितले होते. तरी टॉमी जॉन त्यानंतर १९८९ पर्यंत खेळले. परंतु कोपर आणि खांदा यांत अंतर आहे. खांद्याच्या दुरुस्तीत खरी अडचण अशी, की सांध्यापर्यंत पोहोचण्यासाठी समोरचा मोठा स्नायू हाडापासून सोडवावा लागे आणि नंतर पुन्हा जोडावा लागे. खांदा स्थिर होई, पण आखडे. घरकाम किंवा कचेरीचे काम करणाऱ्या माणसाला तेवढे पुरे. पिचरला मात्र हात मागे पुरता वळला नाही तर सारे व्यर्थ.

डॉ. जोब यांनी तो स्नायू तोडला नाही. विणलेल्या कापडाचे धागे न कापता दोन्ही बाजूंना सारावेत, तसे स्नायूचे तंतू त्यांच्याच दिशेने विलग करून ते आतील आवरणापर्यंत पोहोचले. सैल पडलेले आवरण एकावर एक घेऊन आवळले आणि खोबणीच्या काठाशी पक्के केले. आवळणे कमी झाले तर सांधा पुन्हा घसरणार, अधिक झाले तर हात वळणार नाही. अमेरिकेतील सर्वोच्च स्तरावर खेळणाऱ्या पिचरवर अशी पुनर्रचना तोवर झाली नव्हती. साहजिकच, हा पिचर पुन्हा खेळेल याची शाश्वती देण्यास आधारभूत असे पूर्वीचे उदाहरणही नव्हते.

शस्त्रक्रिया काही तासांची असते. तिच्यानंतरचे काम महिनोन् महिन्यांचे. डॉ. जोब व त्यांच्या सहकाऱ्यांनी चेंडू फेकताना कोणता स्नायू केव्हा आणि किती काम करतो, याचा विद्युत्-उपकरणांच्या साहाय्याने अभ्यास केला होता. सांध्याला धरून ठेवणारे ते चार स्नायू आकाराने लहान आहेत. त्यांना बळकटी आणायची तर वजनेही लहानच लागतात. मोठे वजन उचलले की भोवतीचे मोठे स्नायू पुढे सरसावून काम आपल्याकडे घेतात आणि दुर्बळ तो दुर्बळच राहतो. म्हणून अशा रुग्णाला मूठभर वजनाचे डंबेल किंवा रबराचा पट्टा देऊन हात ठरावीक कोनात, सावकाश, पुन:पुन्हा उचलण्यास सांगितले जाते. पुढे अनेक महिन्यांनी चेंडू हाती येतो तोही काही पावलांच्या अंतरावर हलकेच टाकण्यापुरता. अंतर वाढवायचे, फेकींची संख्या वाढवायची, मग वेग. आणि दुखले की पुन्हा एक पायरी खाली.

देशातील सर्वोत्तम पिचर म्हणून गौरवलेल्या माणसाने लहान मुलालाही जड न वाटणारे वजन उचलत बसावे, यात शरीराचे कष्ट थोडे. मनाची परीक्षा मोठी. आपल्या आचार्यांनी गृहस्थासाठी महाव्रते न सांगता अणुव्रते सांगितली, त्यामागील शहाणपण येथे आठवते. अणू म्हणजे लहान. पेलेल एवढेच घ्यावे, पण घेतलेले रोज पाळावे. व्रताचे बळ त्याच्या आकारात नसून अखंडतेत असते, हे दशलक्षण पर्वात दहा दिवस कडक उपवास करून अकराव्या दिवशी सारे विसरणाऱ्यांना कोणी निराळे सांगावयास नको.

शस्त्रक्रियेनंतर ३९७ दिवसांनी, २९ मे १९९१ रोजी, डॉजर्सच्या मैदानावर ह्यूस्टन संघाविरुद्ध हर्शायझर पुन्हा त्या उंचवट्यावर उभे राहिले. तत्पूर्वी ते दुय्यम दर्जाच्या संघांतून, नुकत्याच मिसरूड फुटलेल्या मुलांबरोबर सरावाचे सामने खेळून आले होते. त्या हंगामात त्यांनी सात सामने जिंकले आणि दोन गमावले. येथे गोष्ट संपवली असती तर ती चमत्काराची कथा झाली असती. परंतु पुढील वर्षांचे आकडे चमत्काराला साक्ष देत नाहीत. १९९२ मध्ये १० विजय व १५ पराभव, १९९३ मध्ये १२ विजय व १४ पराभव, १९९४ मध्ये सहा विजय व सहा पराभव. ज्या संघासाठी खांदा झिजवला, त्या डॉजर्सचा निरोप त्यांना घ्यावा लागला.

१९९५ मध्ये क्लीव्हलँडच्या संघाने त्यांना घेतले. त्या वर्षी त्यांनी १६ सामने जिंकले आणि केवळ सहा गमावले. क्लीव्हलँडने १९५४ नंतर प्रथमच अंतिम मालिका गाठली, आणि तिथवर नेणाऱ्या फेरीत सर्वोत्तम खेळाडू ठरले ते ३७ वर्षांचे हर्शायझर. अंतिम मालिका अटलांटाने जिंकली. तरी तिच्यातील पाचव्या सामन्यात त्या काळच्या सर्वश्रेष्ठ पिचरांपैकी एक असलेल्या ग्रेग मॅडक्स यांच्याविरुद्ध विजय हर्शायझर यांच्या खात्यावर जमा झाला. नंतर सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क आणि अखेर पुन्हा डॉजर्स असा प्रवास करून २००० साली, वयाच्या ४१ व्या वर्षी, ते थांबले.

आता जमाखर्च नीट मांडला पाहिजे. शस्त्रक्रियेपूर्वी ९९ विजय व ६५ पराभव, म्हणजे निकाल लागलेल्या शंभर सामन्यांत साठ विजय. शस्त्रक्रियेनंतर १०५ विजय व ८५ पराभव, म्हणजे शंभरात पंचावन्न. १९८८ मध्ये ते नऊ डावांमागे सरासरी २.२६ धावा देत; १९९५ च्या यशस्वी वर्षातही हा आकडा ३.८७ होता. लीग वेगळी होती, काळही वेगळा होता, तरीही फरक बोलका आहे. जुना खांदा परत आला नाही, हे सत्य आहे. जे परत आले ते थोडे कमी होते, आणि त्या कमी असलेल्यावर त्यांनी दहा हंगाम काढले. वेगाची उणीव अचूकतेने, विचाराने आणि फलंदाजाच्या अभ्यासाने भरून काढली. १९८८ चा हर्शायझर पुन्हा होण्याचा हट्ट धरला असता, तर १९९२ चे वर्ष त्यांना घरी बसवण्यास पुरेसे होते.

तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, वस्तूवरील आसक्तीवरून केली आहे. घर, जमीन, सोने यांचा परिग्रह चटकन दिसतो आणि त्याची मर्यादा ठरवणेही सोपे असते. परंतु आपले गेलेले तारुण्य, भूषवलेले पद, एके काळचे नाव यांना धरून बसणे हाही परिग्रहच. मान या कषायाची गणना अंतरंग परिग्रहांत होते, ती याच कारणाने. हर्शायझर जैन तत्त्वज्ञान वाचून वागले असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. त्यांनी आपल्या विक्रमाचे ओझे खांद्यावरून उतरवले, एवढे मात्र त्यांच्या आकड्यांत दिसते.

या कथेतून 'प्रयत्नांती यश निश्चित' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण दुसरे उदाहरण समोर आहे. व्हेनेझुएलाचे योहान सांताना हे न्यूयॉर्क मेट्स संघाचे थोर पिचर. त्यांच्याही खांद्याचे पुढचे आवरण फाटले. सप्टेंबर २०१० मध्ये शस्त्रक्रिया झाली. पुढचे संपूर्ण वर्ष त्यांनी सरावात घालवले आणि एप्रिल २०१२ मध्ये ते परतले. १ जून २०१२ रोजी त्यांनी प्रतिपक्षाला संपूर्ण सामन्यात एकही यशस्वी फटका मारू दिला नाही. मेट्स संघाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात असे प्रथमच घडले. त्या दिवशी त्यांनी १३४ चेंडू टाकले. व्यवस्थापकांनी मनाशी धरलेल्या मर्यादेपेक्षा ते बरेच अधिक होते, आणि थांबवावे की नको या विवंचनेत त्या व्यवस्थापकांचा सारा सामना गेला. पुढच्या वर्षी तेच आवरण पुन्हा फाटले. सांताना त्यानंतर त्या स्तरावर कधीच खेळू शकले नाहीत. त्या एका दिवसानेच खांदा गेला असे ठामपणे म्हणता येणार नाही. निष्ठा, कष्ट, उपचार यांत सांताना कोठे कमी पडले, असेही म्हणता येणार नाही.

दुखणे तेच, निर्धार तोच, फळ मात्र भिन्न. जैन परंपरेत कोणत्याही घटनेमागे काळ, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुषार्थ ही पाच कारणे एकत्र मानली आहेत, त्यांना पंच समवाय म्हणतात. पाचांपैकी एकावरच सारे श्रेय किंवा सारा दोष टाकणे हा एकान्त ठरतो. हर्शायझर यांचा पुरुषार्थ निःसंशय मोठा. परंतु योग्य वेळी योग्य शल्यविशारद भेटणे आणि जोडलेले आवरण टिकणे हे त्यांच्या हाती नव्हते. सांताना यांच्याही हाती नव्हते. पाचांतील एकच कारण माणसाच्या ताब्यात आहे, म्हणूनच ते पूर्णपणे वापरावे आणि फळ कमी आले तर स्वतःला अपराधी ठरवू नये, एवढाच बोध दोघांच्या कथा एकत्र वाचल्यावर उरतो.

तो बोध बेसबॉलच्या मैदानापुरता नाही. गुडघेबदलाची शस्त्रक्रिया, पक्षाघातानंतरचा अशक्त हात, आखडलेला खांदा यांपैकी एखादे दुखणे आज बहुतेक घरांत आहे. शस्त्रक्रियेवर लाखो रुपये खर्च होतात, नातेवाईक भेटीला येतात, फळांच्या करंड्या जमतात. मग फिजिओथेरपिस्ट भिंतीवर बोटे चालवण्याचा, दाराला दोरी बांधून हात वर नेण्याचा, रबरी पट्टा ताणण्याचा व्यायाम शिकवून जातो, आणि तो पंधरा दिवसांत बंद पडतो. 'एवढ्याने काय होणार?' असे रुग्णाला वाटते. घरच्यांनाही त्यात काही मोठे दिसत नाही. वस्तुतः शस्त्रक्रिया दुसऱ्याने केलेली असते, आणि रुग्णाच्या वाट्याचे एकमेव काम ते एवढेसेच असते.

दुसरी अडचण मनाची. गुडघा बदलल्यावर मांडी घालून बसता येत नाही, म्हणून ४८ मिनिटांचे सामायिकच सोडून दिलेले ज्येष्ठ आपल्या समाजात कमी नाहीत. मंदिरात सर्वांदेखत खुर्चीवर बसण्याचा त्यांना संकोच वाटतो. पूर्वी तासन् तास पद्मासनात बसत असू, या आठवणीचा मान आड येतो. परंतु सामायिकाचा प्राण समता आहे, आणि समतेला खुर्ची वर्ज्य नाही. अशा ज्येष्ठांसाठी मंदिराच्या विश्वस्तांनी सभामंडपात चार खुर्च्या मागच्या कोपऱ्यात न ठेवता सर्वांच्या रांगेत ठेवाव्यात. घरातील मुला-सुनांनी 'आजोबा, आता पूर्वीसारखे चालता ना?' असे विचारण्याऐवजी 'आज व्यायाम झाला का?' एवढेच विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या हाती नाही. दुसऱ्याचे आहे, आणि ते रोज 'हो' असे देता येते.